झालंय

मिरजेला उतरलं की रिक्षावाले आधी आजार विचारतात,
पत्ता नंतर.
अशा गावात सहा वर्षं मी एका दवाखान्याच्या तळघरात
फायली भरतो.
वरच्या मजल्यावर जे घडलं नाही
ते खाली घडवायचं, एवढंच काम.

शिबिर सांगलीत होतं, हळदीच्या गोदामाला लागून.
मांडव, पंखा, चहा, स्टीलचा डबा भेट.
हळकुंडं निवडणाऱ्या बायका रांगेत,
पदर, पापण्या, नखं, सगळं पिवळं,
चाळीस नवऱ्या जशा एकाच मांडवात बोहल्याची वाट बघतायत.

निंगव्वा कोळेकर. जतकडची. वय अंदाजे पन्नास.
तिचा अंगठा मशीन घेईना.
घासून घासून रेषाच गेलेल्या.
मी स्पिरिटचा बोळा फिरवला,
फुंकर मारली, दाबून धरला.
चौथ्यांदा हिरवा दिवा लागला तशी म्हणाली,
"लई कष्ट घेतलास, लेकरा."

दोन रात्री ठेवली तिला.
सलाईन लावलं, ताकदीचं म्हणून.
सकाळी उपमा, रात्री खिचडी.
परत गेली ती गोदामात सांगत सुटली,
जन्मात पहिल्यांदा कुणी
दोन दिवस आयतं जेवू घातलं.

कागदावर तिच्या हृदयात दोन स्टेंट बसले.

आता त्या सीडीचं सांगतो.
दस्तगीर मुजावर, कुपवाडचा गवंडी.
त्याची तपासणी खरी, अडथळा खरा,
उरुसाच्या आधल्या आठवड्यात आलेलं मरणही खरं.
त्याचं हृदय मात्र आमच्याकडे राहिलं,
करडं, अठरा सेकंदांचं.
मी वरची पट्टी पुसायचो, नवं नाव टाकायचो,
की ते पुन्हा धडधडायचं,
अकरा बायकांच्या नावानं.
कधी जेवणाच्या सुट्टीत भाकरी सोडून
मी ते नुसतंच लावून बसायचो.

फेब्रुवारीत, हंगाम भरात असताना,
निंगव्वा पुन्हा आली.
टेम्पोच्या हौद्यात, दोघींच्या मांडीवर आडवी.
काउंटरवरच्या पोरीनं कार्ड बघितलं,
"यातले पैसे संपलेत मावशी. तुमचं ऑपरेशन झालंय."
"माझं?"
तिनं छातीवरून हात फिरवला,
मनगट उलटसुलट करून बघितलं,
बाजारात कमरेची पिशवी चाचपावी तसं.
"कुठं झालंय गं? मला कसं न्हाई कळलं?"

तेवढ्यात मी जिन्यात दिसलो.
घामानं निथळत होती, तरी हसली.
"ह्याला इचारा. ह्याला म्हाईत हाय माझा अंगठा."

मी खाली बघितलं.
ती हळू म्हणाली, भांडत नव्हती,
"कागदात घातलंय म्हंत्यात.
मग दुखायचं ते बी कागदात दुखू दे की, लेकरा."

सिव्हिलची चिठ्ठी दिली मी. रिक्षाला दीडशे दिले.
चांगुलपणा म्हणून सांगत नाही,
तो हिशेब अजून लागत नाही म्हणून सांगतो.

ती पोचली का, विचारायला गेलो नाही.
दोनदा गाडी त्या रस्त्याला घातली,
दोनदा हळदीचा वास आला
आणि पेट्रोल पंपावरून माघारी वळलो.

परवा तपासणीला साहेब आले.
चहा घेतला, फायली चाळल्या,
रेकॉर्ड नीटनेटकं आहे म्हणाले.
शेजारी अंगठ्याचं मशीन होतं.
काचेच्या कडेला पिवळं अडकलंय,
मी रोज नखानं खरवडतो.
त्यांनी त्यावरच पेन ठेवलं होतं.

आज बारावं नाव घालायचं होतं.
पट्टी पुसली.
मोकळ्या जागेखाली ते धडधडत राहिलं,
अठरा सेकंद,
पुन्हा अठरा सेकंद,
कुणाचंच नसलेलं.

वरून फोन आला, झालंय का?

झालंय, म्हणालो.